टंग टाय: बाळाची जीभ खाली चिकटलीये म्हणतात, आता काय करू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री तीन वाजता एका हातात रडणारं बाळ आणि दुसऱ्या हातात मोबाइल, आणि सर्चमध्ये "बाळाची जीभ चिकटली उपाय", मी पण यातून गेलेय म्हणून हे पान. मला दोन मुलं, दोघांच्याही जिभेखाली दोरी दिसत होती, मुलाची कापली नाही आणि मुलीची बाराव्या दिवशी कापली, आणि दोन्ही निर्णय बरोबर होते असं मला आजही वाटतं. मी डॉक्टर नाही, पण त्यानंतर इतक्या बाळंतिणींनी तेच तेच प्रश्न विचारलेत की एकदाचं सगळं लिहून टाकते.

टंग टाय म्हणजे नेमकं काय?

आरशासमोर उभं राहून जीभ वर टाळूला लावा. खाली मधोमध एक पातळ पडदा ताणलेला दिसेल, त्याला फ्रेनम किंवा फ्रेन्युलम म्हणतात आणि तो तुम्हाला, मला, सगळ्यांनाच असतो. काही बाळांमध्ये तो आखूड असतो, जाड असतो किंवा जिभेच्या अगदी शेंड्यापर्यंत येऊन चिकटलेला असतो आणि त्यामुळे जीभ नीट हलत नाही, तेव्हा त्याला टंग टाय म्हणायचं. मेडिकल नाव अँकिलोग्लोसिया.

आता यात महत्त्वाचं काय तर "नीट हलत नाही" हे. दोरी दिसली म्हणजे टंग टाय झाला असं नाहीये. दोरी ठसठशीत दिसतेय आणि बाळ मजेत पितंय, वजन वाढतंय, आईला दुखत नाहीये, तर तिथे उपचार करण्यासारखं काहीच नाही.

आणि दोरी म्हणतो खरं, पण ती सुटी दोरी नसते. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी बारकाईने बघितलं तेव्हा असं दिसलं की तोंडाच्या तळाला जो पातळ पापुद्रा पसरलेला असतो त्याचीच जीभ उचलल्यावर मधोमध घडी पडते, म्हणजे चादर मधून चिमटीत धरून उचलली की कशी कड तयार होते तसं. आणि जिभेला संवेदना देणाऱ्या नसांच्या बारीक फांद्या त्याच्या अगदी जवळून जातात. म्हणून "अजून थोडं खोल कापून टाकू" हे ऐकायला सोपं वाटलं तरी तितकं साधं नाही.

हे का होतं? गरोदरपणात माझं काही चुकलं का?

नाही. अजिबात नाही. पोटात जीभ तयार होताना ती आधी तळाला जोडलेली असते आणि मग खालच्या पेशी विरत जाऊन मोकळी होते, ते मोकळं होणं काही बाळांमध्ये थोडं आधीच थांबतं. घराण्यात असू शकतं, मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसतं. क्वचित टीबीएक्स२२ नावाच्या जनुकातल्या बदलामुळे टाळू दुभंगलेली असणं आणि टंग टाय हे दोन्ही एकत्र येतं, पण बहुतेक बाळांमध्ये बाकी काहीही प्रॉब्लेम नसतो. तुम्ही काय खाल्लं, काय उचललं, ग्रहणात बाहेर गेलात का, याचा काही संबंध नाही.

किती बाळांना असतं? हल्ली प्रत्येक दुसऱ्या बाळाला टंग टाय कसा निघतो?

साधारण ४ ते १० टक्के असे आकडे सापडतात, आणि ही रेंज एवढी मोठी आहे कारण कोण कसं मोजतंय यावर सगळं आहे. नुसतं डोळ्यांनी बघितलं तर कमी निघतात, मार्कांचा तक्ता घेऊन तपासलं तर जास्त.

पण "हल्ली जास्तच" हे तुमचं निरीक्षण चुकीचं नाहीये. अमेरिकेत हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असलेल्या बाळांच्या नोंदी बघितल्या तर १९९७ मध्ये साधारण चार हजार निदानं होती ती २०१२ मध्ये जवळजवळ तेहतीस हजार झाली. पंधरा वर्षांत बाळांच्या जिभा काही बदलल्या नाहीत, बघणाऱ्यांचे डोळे बदलले. त्यातलं काही चांगलंच आहे, कारण मधल्या काळात तिकडे बरीच बाळं बाटलीवर होती तेव्हा हा विषय मागे पडला होता आणि अंगावर पाजणं परत वाढलं तसा तो परत आला. पण काही भाग सरळसरळ असा की दूध पिताना काहीही अडलं की लगेच जिभेखाली बघायचं आणि दोरी तर सापडणारच, कारण ती सगळ्यांनाच असते ना.

मला कसं कळणार? लक्षणं काय?

आईची बाजू आणि बाळाची बाजू असं दोन्हीकडून बघा.

आईकडे सगळ्यात आधी दुखणं. पहिले काही दिवस बाळाने तोंड लावल्यावर पहिला अर्धा मिनिट कळ येणं बऱ्याच जणींना होतं आणि जातं. पण अख्खं फीड होईपर्यंत दात-ओठ खाऊन बसावं लागतंय, भेगा पडल्यात, रक्त येतंय, आठवडा झाला तरी कमी नाही, हे नॉर्मल नाही. बाळाने सोडल्यावर निप्पलचा आकार बघा, नवी लिपस्टिक कशी तिरकी कापलेली असते तसं चपटं-तिरकं झालेलं दिसत असेल किंवा टोकाला पांढरी रेघ येत असेल तर बाळ जीभ आणि टाळूमध्ये ते दाबून धरतंय. पिऊन झाल्यावरही स्तन जडच राहणं, गाठी होणं, सारखा सारखा मॅस्टायटिस म्हणजे स्तनाला सूज येणं, आणि नीट रिकामं होत नाही म्हणून हळूहळू दूध कमी होत जाणं, हेही त्यातच.

बाळाकडे बघायचं तर तोंड मोठं उघडत नाही, पकडतं आणि घसरतं, परत पकडतं आणि परत घसरतं, पिताना टक टक असा आवाज येतो कारण पकड सुटून हवा आत जाते, ओठांच्या कोपऱ्यातून दूध गळतं. तासभर छातीशी असतं आणि खाली ठेवलं की दहा मिनिटांत परत भुकेलं. किंवा थकून झोपूनच जातं. रडताना जीभ खाली राहते, कडा वर येतात आणि मधे खोलगट होतं, बाहेर काढली तर शेंडा पत्त्यांतल्या बदामासारखा मधून दुमडतो.

आणि वजन. तराजू खोटं बोलत नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत थोडं कमी होणं चालतं पण जन्माच्या वजनापेक्षा १० टक्के कमी झालं तर लगेच दाखवायचं, १० ते १४ दिवसांत परत जन्माच्या वजनावर यायला हवं आणि मग रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा भरपूर शू.

हे सगळं तर माझ्या बाळाला आहे! म्हणजे टंग टाय पक्का?

थांबा, इथेच सगळे घसरतात, मी पण घसरले होते. वर लिहिलेलं एकूण एक लक्षण टंग टाय नसतानाही येतं. बाळ फक्त निप्पल तोंडात घेत असेल आणि त्याभोवतीचा काळा भाग बाहेर राहत असेल तर दुखणार, चपटं होणार, आवाज येणार, वजन वाढणार नाही. प्रसूतीत मानेचा एक स्नायू आखडला असेल तर बाळ एकाच बाजूला नीट पितं. दूध जास्त जोरात येत असेल तर बाळ टक टक करून सोडतं. बुरशीचं इन्फेक्शन असेल तर आग होते. थोडं आधी जन्मलेलं बाळ दमतंच.

अमेरिकेतल्या एका क्लिनिकचा अभ्यास मला फार बोलका वाटतो. टंग टाय कापायला म्हणून पाठवलेली ११५ बाळं, त्यांना आधी एका टीमने पिताना नीट बघितलं आणि मदत केली, आणि जवळपास ६३ टक्के बाळांना मग कापायची गरजच पडली नाही. म्हणजे दहातली सहा.

माझ्या मुलाचं हेच झालं. तिसऱ्या दिवशी जिभेखाली टॉर्च मारून "आहे, कापून टाकू" असं सांगितलं गेलं आणि तोपर्यंत मला एकदाही कोणी पाजताना बघितलेलं नव्हतं. पाचव्या दिवशी एका लॅक्टेशन कन्सल्टंटने, म्हणजे अंगावर पाजायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाने, शांतपणे अर्धा तास बसून बघितलं, बाळाला माझ्याकडे पूर्ण कुशीवर वळवलं, मागून मानेखाली हात द्यायला लावला, आणि त्या फीडला पहिल्यांदा मी श्वास रोखून धरला नव्हता. ती दोरी त्याच्या जिभेखाली अजून आहे, तो आता शाळेत जातो आणि आइस्क्रीमचा कोन सगळ्यात आधी संपवतो.

निदान कोणाकडे आणि कसं होतं?

बाळाचे डॉक्टर, ईएनटी, पीडिअॅट्रिक सर्जन, लहान मुलांचे डेंटिस्ट, ट्रेनिंग घेतलेले लॅक्टेशन कन्सल्टंट, यापैकी कोणीही, फक्त त्यांनी चार गोष्टी करायला हव्यात: तुमची सगळी हकिकत ऐकणं, वजनाचा चार्ट बघणं, स्वच्छ बोटाने बाळाचं तोंड आणि चोखणं तपासणं, आणि एक अख्खं फीड बघणं. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त टाळली जाते.

तपासताना बाळाला मांडीवर आडवं घेऊन डोकं तपासणाऱ्याच्या बाजूला ठेवतात, दोन बोटं जिभेच्या दोन्ही बाजूंनी खाली घालून ती उचलतात, म्हणजे पडदा कुठून कुठे जातो आणि किती ताणतो ते कळतं. मार्क द्यायचे तक्ते आहेत, एक हेझलबेकरचा १९९३ चा जुना आणि लांबलचक, एक ब्रिस्टलचा छोटा. ब्रिस्टलमध्ये फक्त चार गोष्टी बघतात, शेंड्याचा आकार, खालच्या हिरडीला पडदा कुठे जोडलाय, तोंड उघडं असताना जीभ किती उचलते आणि किती बाहेर येते, प्रत्येकाला ० ते २ मार्क, एकूण ८. तीन किंवा कमी आले तर जिभेची हालचाल बरीच अडलेली आहे असं धरतात. पण हे मार्क परीक्षेसारखे नसतात, तीन आले म्हणून कापलीच पाहिजे असं नाही.

ब्राझीलमध्ये तर २०१४ पासून प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी कायद्याने सक्तीची आहे, आणि तिथल्याच बालरोगतज्ज्ञांनी त्यावर टीकाही केलीये की सरसकट तपासलं की सरसकट कापलं जातं.

फोटो पाठवला तर सांगाल का?

नाही हो. फोटोत दोरी दिसते, जिभेचं काम दिसत नाही.

घरी मी स्वतः बघू शकते का?

बघा, पण निदान करायला नको, डॉक्टरांना नीट सांगता यावं म्हणून. बाळ रडतं तेव्हा जीभ निदान तोंडाच्या अर्ध्या उंचीपर्यंत उचलते का, खालच्या ओठावर बोट टेकवलं तर जीभ हिरडीच्या पुढे येते का, स्वच्छ बोट चोखायला दिलं तर जीभ बोटाखाली वाटीसारखी गुंडाळते का की नुसतं हिरडीने चावतं. नखं कापलेली हवीत! जुन्या काळी युरोपात काही सुइणी एक नख मुद्दाम वाढवून टोकदार ठेवायच्या आणि जन्मल्या जन्मल्या त्याने तो पडदा फाडायच्या असं वाचलं की अंगावर काटा येतो, तेव्हा घरी काही कापणं, ओढणं, दोरा बांधणं यातलं काहीही करायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण सांगते.

पोस्टेरिअर टंग टाय, लिप टाय, चीक टाय हे काय प्रकार आहेत?

पोस्टेरिअर म्हणजे पुढे काही दिसत नाही पण आत खोल पडदा घट्ट आहे असं म्हणतात तो प्रकार. यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाहीये. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ईएनटी तज्ज्ञांनी एकत्र बसून टंग टायवर एकमताचं निवेदन काढलं, पण पोस्टेरिअर टंग टायची व्याख्या काय यावर काही त्यांचं जमलं नाही. तेव्हा हे निदान कोणी केलं तर दुसरं मत घ्याच.

वरच्या ओठाखालचा पडदा जवळपास प्रत्येक नवजात बाळाला असतो, तो कापून दूध पिणं सुधारतं याचा ठोस पुरावा नाही. गालाचा तर त्याहून नाही. कोणी एका बैठकीत जीभ, ओठ, दोन्ही गाल असं सगळं पॅकेज सांगितलं तर मी तरी बाळ उचलून घरी आले असते.

कापण्याआधी काय करून बघायचं?

आधी लॅच, म्हणजे बाळाची स्तनावरची पकड. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक निप्पलच्या समोर म्हणजे तोंड लावायला त्याला मान थोडी मागे टाकावी लागेल, आणि मोठ्ठं आ केल्यावरच जवळ घ्यायचं, तुम्ही वाकून जायचं नाही. हनुवटी आधी टेकते, खालच्या बाजूचा काळा भाग जास्त आत जातो. टंग टाय असलेल्या बाळांना बऱ्याचदा आई अर्धवट मागे रेलून बसली आणि बाळ वरून पालथं असलं की जास्त जमतं, कारण त्यात जीभ आपोआप पुढे पडते. दूध पितानाच स्तन हलकेच दाबत राहिलं की कमजोर चोखणाऱ्या बाळालाही दूध मिळत राहतं.

दुसरं, दूध टिकवणं. बाळ नीट रिकामं करत नसेल तर फीडनंतर हाताने किंवा पंपाने काढा आणि तेच वाटी-चमच्याने द्या, कारण नंतर जीभ कितीही मोकळी झाली आणि दूधच आटलेलं असलं तर काय उपयोग. चोवीस तासांत ८ ते १२ फीड. निप्पल शिल्ड म्हणजे निप्पलवर बसवायची पातळ सिलिकॉनची टोपी, ती काही जणींना तात्पुरती मदत करते, पण ती वापरताना वजनावर लक्ष हवं.

किती दिवस थांबायचं? वजन ठीक असेल आणि फक्त दुखत असेल तर चांगल्या मदतीसोबत काही दिवस ते आठवडाभर द्यायला हरकत नाही, पण वजन घसरत असेल तर "बघू अजून" करत बसू नका, वरचं दूध द्यावं लागलं तर द्या, त्यात हरल्यासारखं काही नाही.

मग कापायची केव्हा?

जिभेची हालचाल खरंच अडलेली आहे, पिण्यात किंवा आईला त्रास आहे, लॅचवर काम करून झालंय आणि दुसरं कारण सापडलेलं नाही. हे सगळं जमून आलं तर. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सच्या २०२४ च्या रिपोर्टचा सूरही साधारण हाच आहे. उपचारांवर मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००५ मध्येच म्हटलंय की सुरक्षिततेची मोठी काळजी नाही आणि काही आई-बाळांना फायदा होतो असं दिसतं, पण पुरावा मर्यादित आहे. "पुढेमागे त्रास नको म्हणून आत्ताच" हे कारण पुरेसं नाही.

मुलीच्या वेळी मी स्वतःच आधी लॅचवर बसले, अनुभव होता, तरी दहाव्या दिवशी वजन जन्माच्या खालीच, जीभ खालच्या हिरडीच्या पुढे येतच नव्हती आणि शेंडा बदामासारखा. तिथे मी एक मिनिटही वाद घातला नाही.

प्रोसिजरमध्ये नक्की काय करतात?

फ्रेनॉटॉमी म्हणतात. बाळाला कपड्यात घट्ट गुंडाळतात, एकजण डोकं धरतो, जीभ वर उचलून बोथट टोकाच्या निर्जंतुक कात्रीने तो पातळ पडदा कापतात, गॉजने दाबतात, आणि लगेच बाळ आईकडे. कापणं काही सेकंदांचं, सगळं मिळून काही मिनिटं. नवजात बाळाला पूर्ण भूल लागत नाही, टाके लागत नाहीत, आधी जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब देतात किंवा थोडी बधिर करणारी क्रीम. बाहेर उभं राहायचं की आत, हे तुम्ही ठरवा, मी आत होते आणि मुलगी कापण्यापेक्षा गुंडाळण्यावर जास्त रडली.

कात्री की लेझर?

लेझर जास्त चांगलं असं सिद्ध झालेलं नाही. लेझरने रक्त कमी येऊ शकतं, पण वेळ जास्त लागतो आणि आजूबाजूला भाजण्याची शक्यता असते. माणसाचा हात किती सरावलेला आहे हे मशीनपेक्षा महत्त्वाचं.

दुखतं का? रक्त किती येतं?

दुखत नाही असं म्हणणार नाही, पण तो भाग पातळ असतो आणि बहुतेक बाळं छातीला लावली की एक-दोन मिनिटांत शांत होतात. रक्ताचे काही थेंब, लाळेत मिसळून जास्त वाटतात. क्वचित रक्त थांबायला वेळ लागतो, इन्फेक्शन होतं, किंवा खालच्या लाळेच्या नळीला इजा होते, आणि काही बाळं काही दिवस तोंडाजवळ काही आणलं की चिडतात. हे सगळं कमी वेळा होतं, पण होतं, आणि म्हणूनच "कापून टाका, काय जातंय" हे वाक्य मला आवडत नाही.

कोणत्या बाळांचं कापण्याआधी विचार करायला हवा?

जन्मानंतर व्हिटॅमिन के (रक्त गोठायला लागतं ते) दिलंय का ते फाइलमध्ये बघा, दिलं नसेल तर आधी सांगा. घरात कोणाला हिमोफिलियासारखा रक्त न थांबण्याचा आजार असेल तर नक्की सांगा. हनुवटी खूपच लहान आणि मागे असलेली बाळं, जसं पिअर रॉबिन सिक्वेन्समध्ये असतं, यांची जीभ मोकळी केली तर ती मागे पडून श्वास अडू शकतो. टाळूचा प्रॉब्लेम आणि स्नायू ढिले असणारे आजार, यातही आधी तज्ज्ञ.

कापल्यावर लगेच फरक पडतो?

काहींना त्याच फीडला, माझं दुखणं अर्ध्यावर आलं होतं. काहींना एक-दोन आठवडे लागतात कारण बाळ पोटात असल्यापासून ती जीभ तशीच वापरत आलेलं असतं, त्याला नवीन पद्धत शिकायची असते. आणि काहींना काहीच फरक पडत नाही, कारण मूळ कारण दुसरंच होतं.

पुरावा काय म्हणतो ते सांगते. २०१७ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये, म्हणजे आधीचे अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात, पाच ट्रायल्स, मिळून ३०२ बाळं. निष्कर्ष असा की आईचं दुखणं सुरुवातीच्या काळात कमी होतं, पण बाळाचं पिणं सुधारतंच असं एकसारखं दिसलं नाही. मग ब्रिटनमध्ये मोठी ट्रायल काढली, ८७० बाळं घ्यायची होती आणि मिळाली १६९, वर ज्यांना न कापता फक्त मदत द्यायची होती त्यातल्याही बहुतेकांनी नंतर कापून घेतलीच. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत अंगावर पिणारी बाळं जवळपास सारखीच निघाली, पण अशा गोंधळातून ठाम काही म्हणता येत नाही. खरं सांगायचं तर मला त्या आयांचं नवल वाटत नाही, रोज दुखत असताना कोण थांबेल.

जखमेवर पांढरं-पिवळं दिसतंय, पू झालाय का?

बहुतेक वेळा नाही. दोन दिवसांत जिभेखाली पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा पांढरट-पिवळा पॅच येतो, तोंडातल्या जखमेची ती खपली समजा. एक-दोन आठवड्यांत जातो. खरवडू नका.

दिवसातून चार-सहा वेळा जखम ताणायचा मसाज करायला सांगितलाय, करू का?

परत चिकटू नये म्हणून सांगतात, पण त्याने खरंच फायदा होतो असा चांगला पुरावा नाही आणि ताज्या जखमेत बोट घालून ताणणं बाळाला दुखतं, काही बाळं मग छातीलाच लागायला घाबरतात. वारंवार पाजणं हाच जिभेचा व्यायाम. जीभ बाहेर काढून दाखवणं, बाळाने नक्कल करणं, हे खेळ म्हणून खुशाल करा. सांगणाऱ्या डॉक्टरांना "न केल्यास काय होईल" हे सरळ विचारा.

औषध, जेल, मध काही लावू?

मध एक वर्षाच्या आत कुठल्याही कारणाने नाही, बॉट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेचा धोका असतो. दात येताना वापरतात ती बेन्झोकेनची जेल दोन वर्षांखाली नाही, त्याने रक्तातला ऑक्सिजन घसरण्याचा दुर्मिळ पण गंभीर प्रकार होऊ शकतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनावरून डोस सांगितला तरच. जखमेला आईचं दूधच पुरे.

लगेच डॉक्टरकडे कधी पळायचं?

रक्त ठिबकतच राहिलं तर स्वच्छ गॉजने किंवा कापडाने जिभेखाली हलकं दाबून धरा, आणि पाजा, चोखण्यानेही दाब पडतो. पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही तर सरळ इमर्जन्सी. दोन-तीन फीड सलग नाकारले, शू कमी झाली, ताप आला, बाळ सुस्त वाटतंय, तर वाट बघू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप म्हणजे कारण काहीही असो, त्याच दिवशी दाखवायचं.

माझं बाळ बाटलीनेच पितं, मग काळजी नाही ना?

बहुतेकदा बाटली जमते. तरी खूप गळणं, ठसका, एका फीडला पाऊण तास लागणं असं असेल तर आधी बाटलीच्या निप्पलचा फ्लो बदलून बघा, स्लो फ्लो, आणि बाळाला थोडं उभं धरून थांबत थांबत पाजा.

नाही कापली तर बाळ उशिरा बोलेल? बोबडं बोलेल?

हा प्रश्न घरातली मोठी माणसं हमखास काढतात, "जीभ जड आहे, बोलणार नाही". टंग टायमुळे बोलायला उशीर होतो असं दिसलेलं नाही. उशीर होत असेल तर आधी कान तपासा आणि विकासाची तपासणी करा, जिभेवर सगळं ढकलू नका.

उच्चाराचं वेगळं आहे. ज्या अक्षरांना जिभेचा शेंडा वर न्यावा लागतो ती काहींना अवघड जाऊ शकतात, आणि आपली मराठी त्यात अजिबात दयामाया दाखवत नाही, ट ठ ड ढ ण ळ ला जीभ मागे दुमडायला लागते, र ला थरथरवायला लागते. पण "बाळ" ला "बाल" आणि "रस्ता" ला "लस्ता" म्हणणारी तीन-चार वर्षांची ढीगभर मुलं असतात ज्यांची जीभ एकदम मोकळी असते, ही अक्षरं उशिराच येतात. आणि जीभ बांधलेली असूनही स्वच्छ बोलणारी माणसंही आहेत, जीभ स्वतःची वाट शोधते. त्यामुळे तान्ह्या बाळाची जीभ भविष्यातल्या ळ साठी कापायची नाही. चार-पाच वर्षांनंतरही ठरावीक उच्चार अडत असतील तर स्पीच थेरपिस्टला दाखवा, ते सांगतील जिभेमुळे आहे की नाही.

मोठ्या मुलाचं करायचं झालं तर?

मूल हलतं, घाबरतं, पडदा जाड झालेला असतो, म्हणून बऱ्याचदा भूल द्यावी लागते आणि टाके घालून फ्रेन्युलोप्लास्टी करतात. नंतर थेरपी लागते, कारण वर्षानुवर्षांची उच्चाराची सवय कात्रीने जात नाही.

वय वाढलं की आपोआप सैल होते का?

काहींची होते असं वाटतं, कारण जबडा आणि जीभ वाढतात आणि त्या मानाने पडदा मागे राहतो. कधी पडल्यावर फाटतोही. पण महिन्याच्या बाळाची आई उपाशी बाळ घेऊन वर्षभर थांबू शकत नाही, तेव्हा हा मुद्दा त्रास नसलेल्यांसाठीच.

घोरणं, रिफ्लक्स (दूध वर येणं), गॅस, झोप न लागणं, हेही टंग टायमुळे?

असं बरंच सांगितलं जातं. यासाठी जीभ कापावी इतका पुरावा नाहीये. बाळं उलटी काढतात, कण्हतात, रात्री जागतात, जीभ मोकळी असलेलीसुद्धा.

कापलेली परत चिकटते का?

थोड्या बाळांमध्ये व्रणामुळे परत घट्ट होते. पण "परत चिकटली" म्हणून दुसऱ्यांदा कापायला सांगितलं तर आधी परत फीड बघायला सांगा.

पुढच्या बाळालाही असेल का?

असू शकतं, घराण्यात चालतं म्हटलं ना. बाळ झाल्यावर पहिल्याच तपासणीत सांगून ठेवा की पहिल्याला होतं. आणि पहिल्या दोन दिवसांतच कोणालातरी पाजताना बघायला बसवा, दोरी दिसो न दिसो. आमच्याकडे मुलीच्या वेळी सासूबाईच टॉर्च घेऊन तयार होत्या, त्यांना म्हटलं, आई, टॉर्च राहू दे, आधी ती उशी द्या.